जोड

औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातील एक प्राचीन तीर्थक्षेत्र. भोवताली डोंगर, त्यांच्या कुशीत वसलेले गाव आणि गावात नागनाथाचे कोरीव कामाने नटलेले दगडी मंदिर. संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश येथे झाला, असे वारकरी सांगतात. आणि नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी देवळानेच आपले तोंड फिरविले, ही कथा तर येथील लहानशा मुलालाही पाठ असते. महाशिवरात्रीला गाव यात्रेकरूंनी फुलून जाते. परंतु यात्रा नसते त्या दिवसांतही गावाबाहेरचे रस्ते फार लवकर जागे होतात.

पहाटेचा काळोख अजून पुरता निवळलेला नसतो. देवळातील घंटेचा नाद वाऱ्यावर तरंगत येतो आणि त्याच वेळी रस्त्याच्या कडेने पावलांचा एक सलग, एकसुरी आवाज ऐकू येऊ लागतो. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणी अनवाणीच असतो. ही मुलेमुली पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांच्या गावी हे दृश्य दिसते. शेती कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखात अंगावर चढणारी वर्दी म्हणजे साऱ्या घराचा आधार. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याखेरीज १०० मीटरची धाव आणि गोळाफेक असते. या सगळ्याचे मिळून ५० गुण. काही सेकंद इकडेतिकडे झाले, की गुण घसरतात; आणि एका गुणाने नोकरी हुकलेला तरुण जवळपास प्रत्येक गावात भेटतो.

या धावणाऱ्यांकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ती एकेकटी क्वचितच धावतात. बहुधा दोघांची जोडी असते.

अशी एखादी जोडी डोळ्यांसमोर आणावी. दोघे एकाच गल्लीतले, शाळेत एकाच बाकावर बसलेले. एकाच्या घरी सेकंदकाट्याचे घड्याळ आहे. दुसऱ्याच्या घरी चार वाजता हाक मारून उठविणारी आजी आहे. त्यामुळे आजीने एकाला उठवायचे, त्याने जाऊन दुसऱ्याच्या खिडकीवर टकटक करायची आणि दुसऱ्याने घड्याळ घेऊन बाहेर पडायचे, असा नेम ठरलेला. थंडीच्या दिवसांत अंथरूण सोडवत नाही. तरी सोबती बाहेर कुडकुडत उभा आहे, या एका विचाराने माणूस उठतो. स्वतःला दिलेला शब्द मोडणे सोपे असते, दुसऱ्याला दिलेला मोडणे तितकेसे सोपे नसते.

पुढे एके दिवशी भरतीची जाहिरात निघते. जागा मोजक्याच आणि अर्ज मात्र ढिगाने. दोघेही अर्ज भरतात आणि त्या क्षणापासून त्यांच्या मैत्रीत एक अवघड प्रश्न येऊन बसतो. निवडीची यादी लागेल तेव्हा एकाचे नाव वर असेल आणि दुसऱ्याचे खाली. निवडलेल्यांची रेघ त्या दोन नावांच्या मधूनही ओढली जाऊ शकते. वर्षभर ज्याच्या सोबतीने धावलो, त्याच्याचविरुद्ध आता धावावयाचे!

अशा वेळी मन दोन आडवाटांना लागते. एखादा सोबत्याला कळू न देता संध्याकाळी वेगळा सराव करू लागतो आणि सकाळी मात्र 'आज पाय दुखतो आहे' म्हणून सांगतो. दुसरा एखादा इतका हळवा असतो, की मित्राला वाईट वाटू नये म्हणून शेवटच्या टप्प्यात आपले पाऊल मुद्दाम आखडते घेतो. पहिल्या वागण्यात कपट आहे, हे कोणीही सांगेल. दुसऱ्या वागण्यातही फसवणूक आहे, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. मित्राला वाटते, आपण पुढे गेलो. आणि प्रत्यक्ष मैदानावर उतरल्यावर त्याला कळते, की आपला वेग आपण समजत होतो तेवढा कधी नव्हताच.

आपल्या भाषेत 'जोड' असा एक जुना शब्द आहे. बैलांची जोडी, जोडीदार, जोडगोळी या शब्दांत तो सोबतीचा अर्थ घेऊन येतो. पण कुस्तीच्या फडात जावे, तो तेथे 'जोड' म्हणजे समोर उभा राहणारा तुल्यबळ मल्ल! 'त्याला जोड मिळाली नाही' असे फडात म्हणतात, तेव्हा त्या पैलवानाला प्रतिस्पर्धी मिळाला नाही, असा अर्थ होतो. आणि तेवढ्याने तो बिचारा लंगोट कसून, अंगाला माती लावूनही तसाच परत फिरतो. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांना सोबती आणि प्रतिस्पर्धी यांच्यासाठी दोन निराळे शब्द करण्याची गरज वाटली नाही. तालमीत रोज ज्याच्याशी झोंबावयाचे, तोच डाव शिकवितो आणि तोच आपल्या डावातील उणीवही दाखवितो. एकट्याने हजार जोर-बैठका काढता येतात, पण पकड सोडविण्याचे कसब पकडणारा असल्याखेरीज येत नाही.

धावण्याच्या शर्यतीत महाराष्ट्राच्या एका कन्येला अशी जोड लाभली होती. ललिता बाबर ही सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची. माण हा सदा दुष्काळाच्या छायेत राहणारा मुलूख. शेतकऱ्याच्या घरातील ही मुलगी लांब पल्ल्याची धावपटू झाली आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिली आली. २०१४ साली तिने आणखी एका शर्यतीकडे आपला मोर्चा वळविला. तिचे नाव ३००० मीटर स्टीपलचेस. ही अडथळ्यांची शर्यत मोठी खडतर. धावता धावता अठ्ठावीस वेळा आडवे दांडे ओलांडावयाचे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावयाची. साध्या हर्डल शर्यतीतील चौकट पाय लागला तर कोलमडते. येथील जड लाकडी दांडा जागचा हलत नाही, पडावयाचे ते धावणाऱ्यानेच.

या शर्यतीत त्या वेळी भारतात सुधा सिंग हिचे नाव आघाडीवर होते. ती उत्तर प्रदेशातील रायबरेलीची. २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तिने याच शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले होते आणि राष्ट्रीय विक्रमही तिच्याच नावावर होता. आता ललिता तिच्याच अंगणात उतरली! आणि दोघी सराव करीत होत्या त्या एकाच प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव हे ते प्रशिक्षक. केरळची ओ. पी. जैशा हीसुद्धा त्यांच्याच हाताखाली होती. सरावाची जागा बहुधा उटीची. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच. तेथील हवा विरळ असते. फुप्फुसांना प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. मग खाली सखल प्रदेशात आल्यावर तेच शरीर अधिक वेळ, अधिक वेगाने धावू शकते. पण हे झाले शास्त्र. त्या विरळ हवेत छाती फुटेस्तोवर धावताना प्रत्यक्षात पाऊल पुढे पडते ते शेजारी दुसरे पाऊल पडते आहे म्हणून. मराठी, हिंदी आणि मल्याळम बोलणाऱ्या तिघी, आणि शिकविणारा परदेशी. भाषेचे काम तेथे घड्याळानेच केले असले पाहिजे.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. ललिताने ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत अंतर कापून कांस्यपदक मिळविले आणि सुधाचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तिच्या मागोमाग चौथी आली ती सुधाच. दोघींत अर्ध्या सेकंदाचेही अंतर नव्हते. चार वर्षांपूर्वीची सुवर्णविजेती पदकावाचून राहिली आणि पदक गेले ते सरावातील सोबतिणीकडे. येथे पुष्कळांच्या मैत्रीचा धागा तुटतो. 'मीच हिला शिकविले आणि हिनेच माझे घेतले' हे वाक्य किती घरांत, किती दुकानांत, किती गायकांच्या घराण्यांत उच्चारले गेले असेल!

पुढे जे घडले ते पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली. भारतीय महिलांत पहिली जैशा, दुसरी ललिता, तिसरी सुधा. जैशाने अनेक वर्षे अभंग राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला आणि तिघीही जागतिक स्पर्धेला पात्र ठरल्या. एका शिबिरातील तिघींनी पहिल्या तीन जागा घ्याव्यात, हा काही योगायोग म्हणता येणार नाही. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धा बीजिंगला झाल्या. ललिता तेथे स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत आठवी आली. मॅरेथॉनमध्ये जैशा अठरावी, तर तिच्या पाठोपाठ सुधा एकोणिसावी.

मग २०१६ साल उजाडले. ऑलिंपिकचे वर्ष. एप्रिलमध्ये दिल्लीच्या फेडरेशन चषक स्पर्धेत ललिताने ९ मिनिटे २७.०९ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. तो महिनाभरही टिकला नाही. मे महिन्यात शांघाय येथे सुधाने ९ मिनिटे २६.५५ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि विक्रम आपल्याकडे परत नेला. फरक किती? अर्ध्या सेकंदाच्या आसपास. एक टाळी वाजविण्यास लागतो तेवढा वेळ. ऑगस्टमध्ये रिओ द जानेरोला ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ललिता अशी धावली, की घड्याळात ९ मिनिटे १९.७६ सेकंद उमटले. सुधाचा विक्रम तिने जवळजवळ सात सेकंदांनी मागे टाकला! १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय महिला धावपटू धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरली. तेथे ललिता दहावी आली. सुधाला मात्र रिओत प्राथमिक फेरीपलीकडे जाता आले नाही.

तिचे पर्व तेथे संपले, असे कोणाला वाटले असेल तर ते खरे ठरले नाही. दोन वर्षांनी, २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सुधाने याच शर्यतीचे रौप्यपदक पटकाविले. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली. ललिताला २०१६ सालीच अर्जुन पुरस्कार मिळाला होता. ललिताचा रिओमधील विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्ट येथे पारुल चौधरीने तो मोडला.

वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर या बातम्या एकेका नावाने छापून येतात. 'ललिताचा विक्रम', 'सुधाचा विक्रम'. छपाईच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण दोन वर्षांच्या आत एक राष्ट्रीय विक्रम सोळा सेकंदांनी खाली आला, तो कोणा एकीच्या पायांनी आला, असे म्हणणे धाडसाचे होईल. एकीने दांडा उंचावला, की दुसरीला तो ओलांडणे भाग पडे.

ही शर्यत साडेनऊ मिनिटांची. दिवसभर चालणारी शर्यत असली तर सोबतीचे आणि चुरशीचे काय होते? तशी शर्यतही जगात आहे. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहावयाचे, लगेच सायकल चालवावयाची आणि उतरल्या पावली धावत सुटावयाचे. तिच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकारात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी पुरी मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर धाव असते. आपल्याकडे २०१९ साली गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा प्रथम भरली. पुरे अंतर त्याच्या दुप्पट, आणि त्यातला काही भाग पोहत व काही पायी धावत!

अमेरिकेतील हवाई बेटावर १९८९ साली या शर्यतीत जे घडले, ते तिच्या चाहत्यांना आजही विसरता येत नाही. डेव्ह स्कॉट हा तेथील सहा वेळचा विजेता. मार्क ॲलन त्याच्याकडून अनेकदा हरलेला. या खेपेस ॲलनने एकच निश्चय केला, की स्कॉटला सोडावयाचे नाही. समुद्रात तो त्याच्या मागे राहिला. सायकलवर नियमाचे अंतर राखून राहिला. आणि धावताना लाव्हाच्या तापल्या खडकांमधून खांद्याला खांदा लावून गेला. आठ तास दोघे एकमेकांच्या आगेमागे होते. अखेरच्या चढावर ॲलनने उसळी घेतली आणि तो एका मिनिटाहून कमी अंतराने जिंकला. ८ तास ९ मिनिटे १४ सेकंद ही त्याची वेळ. त्यापूर्वीचा विक्रम स्कॉटचाच होता. आणि हरलेल्या स्कॉटनेही त्या दिवशी तो अठरा मिनिटांनी मोडला! तिसरा स्पर्धक तर वीस मिनिटांहून अधिक मागे राहिला होता. हार पदरी पडली त्याच दिवशी स्कॉट पूर्वीच्या प्रत्येक विजयापेक्षा वेगाने धावला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे जोड कशाला म्हणतात ते कळते.

पण सोबती कोसळत असेल तर? हा प्रश्न इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या दोन भावांपुढे उभा राहिला. ॲलिस्टर आणि जोनाथन ब्राउनली. लहानपणापासून एकत्र पोहणारे, एकत्र धावणारे, आणि एकमेकांना हरविण्यासाठी जिवाचे रान करणारे. रिओ ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये थोरल्याने सुवर्ण जिंकले, धाकट्याने रौप्य. दोघांत अवघ्या सहा सेकंदांचे अंतर. थोरल्याने धाकट्यासाठी तेथे पाऊल आखडले नाही.

महिन्याभराने, १८ सप्टेंबर २०१६ रोजी, मेक्सिकोतील कोसुमेल येथे वर्षातील शेवटची शर्यत होती. धाकटा जोनाथन सर्वांत पुढे होता. ती जिंकल्यास त्याला जगज्जेतेपदाची आशा होती. उन्हाचा तडाखा आणि दमट हवा यांनी त्याचा घात केला. शेवटची काही शे मीटर उरली असता त्याचे पाय लडखडू लागले आणि तो रस्त्याच्या कडेला कलंडला. मागून ॲलिस्टर येत होता. त्याच्या पुढे पहिल्या क्रमांकाचा रस्ता मोकळा होता. त्याने भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला ओढत, सावरत तो अंतिम रेषेकडे निघाला. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन शेजारून पुढे निघून गेला व विजयी झाला. रेषेपाशी येताच ॲलिस्टरने भावाला आपल्या आधी पलीकडे ढकलले. धाकटा दुसरा, थोरला तिसरा. जगज्जेतेपद थोडक्या गुणांनी स्पेनच्या मारियो मोलाकडे गेले. आपण कोणासाठीही असेच केले असते, असे ॲलिस्टर पुढे म्हणाला. आणि वेग नीट आखला नाही म्हणून त्याने धाकट्याची खरडपट्टीही काढली. तो शेवटी थोरला भाऊच होता.

रिओत न थांबणारा आणि कोसुमेलला थांबणारा, हे दोन निराळे ॲलिस्टर आहेत असे मानण्याचे कारण नाही. भाऊ पायांवर उभा होता तोवर त्याला कशाचीही सूट दिली नाही; पाय गेले तेव्हा खांदा दिला. ज्याला यातील पहिले कठोर आणि दुसरे कोमल वाटते, त्याने तालमीत एखादा आठवडा काढावा. तेथे रोज पाठ टेकविणारा गडीच सायंकाळी मुरगळलेला पाय चोळून देतो.

औंढ्याच्या रस्त्यावर आता झुंजुमुंजू झालेले असते. देवळाचे शिखर हळूहळू उजळू लागते. दोघांचा शेवटचा टप्पा बाकी असतो. पुढच्या किलोमीटरच्या दगडापर्यंत. येथवर पावले जोडीने पडत होती. आता एक जण पुढे निघतो. तो मागे वळून पाहत नाही, पण मागच्या पावलांचा आवाज त्याच्या कानांत असतो आणि तो आवाज जवळ आला की त्याचा वेग वाढतो. दगड गाठल्यावर तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून क्षणभर धापा टाकतो. मग घाईघाईने घड्याळ डोळ्यांपुढे धरतो आणि मागून येणाऱ्याला ऐकू जावेत म्हणून मोठ्या आवाजात सेकंद मोजू लागतो.